जुने पनामा नेमके कोणी जाळले, आणि त्याला तट का नव्हता?

प्रश्न – देवगिरीचा पायथा (दौलताबाद)
नमस्कार. खंदक, अंधारी आणि एकात एक गुंफलेले तट पाहतच मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे जुन्या पनामाविषयी वाचताना एक प्रश्न सतत छळतो. पेद्रारियास दाविला याने १५१९ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावर वसवलेल्या या स्पॅनिश शहरातून पेरूची चांदी वर्षानुवर्षे जात होती, तरी त्याच्याभोवती तट का बांधला नाही? शिवाय इंग्रजांचा चाचा हेन्री मॉर्गन याने या शहरावर केलेल्या स्वारीची तारीख कुठे १८, तर कुठे २८ जानेवारी १६७१ अशी आढळते, आणि आग कोणी लावली याबाबतही एकमत दिसत नाही. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

उत्तर – गोदाकाठ (नांदेड)
तट नसण्याचे कारण चांदीच्या वाटेतच सापडते. पोतोसीच्या (आजच्या बोलिव्हियातल्या) खाणींची चांदी पेरूच्या कायाओ बंदरातून जहाजाने पनामाला येई, तिथून खेचरांचे तांडे ती जंगलातून कॅरिबियन किनाऱ्यावरच्या नोम्ब्रे दे दिओस येथे आणि १५९७ नंतर पोर्तोबेलो येथे नेत, आणि पुढे आरमार ती स्पेनला पोहोचवी. चाचे येत ते कॅरिबियन बाजूने. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने १५७३ मध्ये असाच एक तांडा नोम्ब्रे दे दिओसजवळ लुटला होता. साहजिकच किल्ले त्याच बाजूला उभे राहिले आणि मधले घनदाट जंगल हाच पनामाचा तट मानला गेला. मॉर्गनने १६६८ मध्ये पोर्तोबेलो लुटले, डिसेंबर १६७० मध्ये त्याच्या माणसांनी चाग्रेस नदीच्या मुखावरचा सान लोरेन्सो किल्ला घेतला, आणि मग हजाराहून अधिक लोकांसह तो नदीमार्गे आत शिरला. वाटेतल्या चौक्या स्पॅनिशांनी धान्यासकट रिकाम्या केल्या होत्या. तरीही उपाशी माणसे नऊ-दहा दिवसांत शहरासमोर येऊन ठेपली.

उत्तर – गढीची माती (परभणी)
तारखेचा घोळ पंचांगाचा आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालू होती आणि स्पेनने ग्रेगोरियन स्वीकारली होती; दोन्हींत दहा दिवसांचे अंतर असल्याने इंग्रजांची १८ तारीख ती स्पॅनिशांची २८.

आगीचे मात्र इतके सरळ नाही. राज्यपाल हुआन पेरेझ दे गुझमान याने शत्रूवर बैल सोडले, पण बंदुकांच्या आवाजाने ते बुजले आणि हा डाव फसला. शहर हातचे गेल्यास दारूची कोठारे उडवून द्यावीत, असा त्याचा हुकूम होता, आणि बहुतेक घरे लाकडी होती. मॉर्गनने आपल्या अहवालात आगीचा दोष स्पॅनिशांवर टाकला. उलट त्याच्याच मोहिमेतला वैद्य एक्सक्वेमेलिन याने तो मॉर्गनवर ठेवला. माझ्या मते राज्यपालाचा हुकूम पाहता मॉर्गनचे म्हणणे अधिक पटते, जरी लुटीचा दोष त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. इंग्लंड आणि स्पेन यांच्यात माद्रिदचा तह जुलै १६७० मध्येच झाला होता, म्हणजे ही स्वारी तहानंतरची. मॉर्गनला अटक करून लंडनला नेले. पण १६७४ मध्ये राजाने त्यालाच ‘सर’ किताब देऊन जमैकाचा उपराज्यपाल नेमले.

उत्तर – बालाघाट (अंबाजोगाई)
शहर त्याच जागी पुन्हा का उभारले नाही, हेही यासोबत पाहावे. जुने बंदर उथळ होते. ओहोटीला चिखल उघडा पडे आणि मोठी जहाजे दूर पेरिको बेटापाशी नांगरावी लागत. म्हणून १६७३ मध्ये सुमारे आठ किलोमीटर नैर्ऋत्येला, समुद्रात शिरलेल्या भूशिरावर नवे शहर वसवले आणि त्याला तट बांधला. त्यासाठी जुन्या इमारतींचे दगड उचलून नेले. आमच्या गावच्या पडक्या गढीचे घडीव दगडही अर्ध्या गावाच्या घरांच्या जोत्यांत गेले आहेत, त्यामुळे हे वाचताना मला जरा अधिकच वाईट वाटले. जुन्या शहरात कॅथेड्रलचा मनोरा, मठांच्या भिंती आणि चाग्रेसकडच्या वाटेवरचा एक दगडी पूल अजून उभा आहे. नव्या शहराचा ऐतिहासिक भाग १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आणि हे भग्नावशेष त्यात २००३ मध्ये जोडले गेले.