ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याच्या रस्त्यासाठी पहिली गिअरची गाडी कोणती घेऊ?

मुक्ता, मुरार:
नमस्कार. मी नर्स आहे. बदली डबऱ्याच्या पुढच्या एका उपकेंद्रावर झालीय. डबऱ्यापर्यंत बस, पुढे चौदा किलोमीटर स्कूटर. शेवटचे तीन नुसती गिट्टी, म्हणजे सुटी खडी. गेल्या महिन्यात तिथेच पुढचं चाक सरकलं. व्हॅक्सिन कॅरिअर (लसींचा थंड डबा) वाचवला, कोपर सोललं. उंची पाच फूट एक इंच, गिअर कधी चालवले नाहीत. घरचे म्हणतात, १२५ सीसीच घे. काय करू?

दौलतगंजकर:
मुक्ता, तुझ्यासाठी १०० सीसी पुरे. घरातल्या तीन मुलींना मी गिअर शिकवले, तिघींना स्प्लेंडरवर. वजन ११२ किलो, सीट ७८५ मिलीमीटर. ॲक्टिवाही शंभर किलोच्या वरच आहे, तेव्हा वजनाला घाबरू नकोस. फक्त मोटरसायकलचा भार स्कूटरपेक्षा वर असतो, उभी गाडी कलली की हाताला ओढ जास्त बसते. म्हणून शोरूममध्ये स्टँड काढून बस, दोन्ही चवडे टेकतात का बघ आणि बसल्या बसल्या पायांनी गाडी मागे ढकलून बघ. गिट्टीत अडकलीस की हेच करावं लागतं. शाइन १०० अजून हलकी, ९९ किलो, तीही बघ.

स्प्लेंडरचं चाक १८ इंची, गिट्टीत स्कूटरपेक्षा कितीतरी बरं. तरी तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबू नकोस.

आणि सगळ्यात आधी तुझ्या रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे जा. त्याच्या भिंतीवर कोणत्या गाडीच्या क्लचकेबली टांगल्यात ते बघ. उपकेंद्राच्या वाटेवर केबल तुटली तर शोरूम कामाला येत नाही.

शिकायला ग्वाल्हेरच्या मेळ्याच्या मैदानावर पहाटे जा, मेळा नसतो तेव्हा रस्ते मोकळे असतात. पहिले दोन दिवस ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. पहिला गिअर टाक आणि क्लच इतका हळू सोड, की गाडी आपणहून सरकायला लागेल. माझ्या धाकट्या पुतणीने पहिल्या दिवशी चाळीस वेळा तरी बंद पाडली. रडकुंडीला आली होती. तिसऱ्या दिवशी गाडी कुठे ओढायला लागते ते तिच्या डाव्या हाताला समजलं, मग खाली बघायची गरजच उरली नाही.

वैशाली, शिंदे की छावणी:
जुनी घेणार असलीस तर चालू करण्याआधी इंजिनला हात लाव, थंडच हवं. माझ्यासमोर आणलेली गाडी आधीच गरम होती, मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस किका मारल्या, मग निळा धूर. पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. आणि बिनगिअरचं लायसन्स या गाडीला चालत नाही. लर्निंग काढ, ३० दिवसांनी टेस्ट. तोवर मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणाला बसवू नकोस. ओढणी घट्ट बांध, साडी गार्ड काढू देऊ नकोस.

कंपूवाला:
नवी घ्यायची तर मेळ्यापर्यंत थांबा ताई. २०२५ च्या मेळ्यात रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट होती. यंदा सरकार जाहीर करतंय का बघा, मग बुक करा.

मुक्ता, मुरार:
काका, आज मिस्त्रीकडे थांबले. तीन केबली, तिन्ही स्प्लेंडरच्या! लर्निंगचा फॉर्म भरलाय, रविवारपासून भावाच्या जुन्या गाडीवर मैदानात. व्हॅक्सिन कॅरिअर कुठे बांधू? टाकीवर?

दौलतगंजकर:
टाकीवर नको, हँडल पूर्ण वळणार नाही. मागच्या सीटवर, खाली जुनी सतरंजी दुमडून, सायकलची ट्यूब कापून दोन्ही बाजूंनी आवळ. गिट्टी लागण्याआधी एकदा थांबून गाठ तपास.