युरोपातील पहिले वर्ष, लहान मुले आणि शनिवार-रविवार

प्रश्न : ऐरोलीकर

नमस्कार. माझ्या पतीला आइंडहोवनमध्ये नोकरी मिळाली असून जुलैअखेरीस आम्ही चौघे ऐरोलीचे घर बंद करून नेदरलँड्सला राहायला जाणार आहोत. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलाला नुकतेच चौथे वर्ष पूर्ण झाले आहे. घरभाडे, बँक आणि कागदपत्रे यांची माहिती आम्ही मिळवली आहे. माझा प्रश्न आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांचा आहे. आम्ही जाणार हे कळल्यापासून भेटेल तो हेच सांगतो, की तिथे शुक्रवारी संध्याकाळी निघायचे, रविवारी रात्री परतायचे आणि वर्षभरात निम्मा युरोप पाहून घ्यायचा. पतीचाही कल तिकडेच आहे, आणि अशी संधी पुन्हा येईलच असे नाही, हे त्याचे म्हणणे मला पटतेही.

आजचा आमचा शनिवार मात्र अगदी वेगळा असतो. सकाळी घरची कामे उरकायची, दुपारी लोकलने ठाण्याला सासू-सासऱ्यांकडे जायचे आणि संध्याकाळी मुलांनी आजोबांचे बोट धरून तलावपाळीला चक्कर मारायची, हा क्रम मुलांच्या अंगवळणी पडला आहे. तो एकाएकी तुटणार असताना नव्या देशात दर आठवड्याला बॅगा भरून निघणे मुलांना झेपेल का? लहान मुले घेऊन तिकडे राहिलेल्यांनी पहिल्या वर्षी या दोन दिवसांची घडी कशी बसवली, हे सविस्तर सांगितल्यास फार मदत होईल. सासू-सासरेही पुढच्या वसंतात येऊ इच्छितात.

उत्तर : पाचपाखाडी

आम्ही काही वर्षे आइंडहोवनजवळ राहून ठाण्याला परतलो आहोत. माझे स्पष्ट मत असे, की पहिले सहा महिने मुक्कामाचे प्रवास शाळेच्या सुट्ट्यांपुरते ठेवावेत आणि शनिवार मुलांच्या स्वाधीन करावा. मुलांच्या ओळखी जुळतात त्या शनिवारीच. वर्गातल्या कोणाचा वाढदिवस असतो, कोणी खेळायला बोलावते, मैदानावर फुटबॉलचे सामने असतात. आठवडाभर भाषा न कळणाऱ्या वर्गात बसलेल्या मुलीला शनिवारी एका मैत्रिणीच्या घरी दोन तास घालवता आले, तर ते तिला कोणत्याही राजवाड्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. भाषा येत नसलेल्या मुलांना बहुधा आधी नवागतांच्या वर्गात घालतात, त्यामुळे मुलीच्या शाळेतल्या ओळखी काही महिन्यांनी पुन्हा बदलण्याची शक्यता आहे. हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट पोहण्याची, आणि ती मी सर्वांत महत्त्वाची मानतो. या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. घराबाहेर पडले की कालवा, तळे किंवा ओढा असतो आणि बहुतेक ठिकाणी त्यांना कठडा नसतो. म्हणून तिथली मुले ए, बी आणि सी अशी तीन पोहण्याची प्रमाणपत्रे मिळवतात. ए प्रमाणपत्राच्या परीक्षेत मूल सदरा, विजार आणि बूट घालून पाण्यात उतरते, कारण खरोखर पडते तेव्हा ते पोहण्याच्या पोशाखात नसते. नंतर पोहण्याच्या पोशाखात त्याला पाण्याखालून पोहत तीन मीटर अंतरावर टांगलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पार व्हावे लागते. काचेपलीकडे बसलेल्या आई-वडिलांचा श्वास तेवढा वेळ अडकतो आणि मूल वर आले की सगळा कक्ष टाळ्या वाजवतो. हे शिक्षण अनेक महिने चालते, वर्ग दर आठवड्याला असतो आणि पुष्कळ कुटुंबांसाठी तो शनिवारी सकाळीच असतो. सतत गावाबाहेर राहिलात, तर हे शिक्षण रेंगाळेल.

याचा अर्थ रविवारी घरात बसावे असा नाही. सकाळी निघून संध्याकाळी जेवायला घरी, अशा अंतरावर तुम्हाला पुष्कळ काही आहे. रॉटरडॅमहून बोटीने किंडरडाइकला जावे. तिथे पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या १९ पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत आणि त्यांतल्या एक-दोन आतून पाहता येतात. चक्कीवाल्याचे कुटुंब त्या गोल, अरुंद खोल्यांत कसे झोपत असे, हे मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून कळणार नाही. वाल्स येथे नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी यांच्या सीमा ३२२ मीटर उंचीच्या टेकडीवर एकत्र येतात; मुले एका मिनिटात तीन देशांतून धावून येतात. तिथून बसने जर्मनीतल्या आखनला गेले, की मध्ययुगीन सम्राट शार्लमेनचे चॅपेल पाहता येते. ते चॅपेल ज्याचा भाग आहे, ते आखनचे कॅथेड्रल १९७८ च्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत होते. चार वर्षांखालील मुलांना डच रेल्वेत तिकीट लागत नाही आणि चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी स्वस्त दिवस-तिकीट असते. डबा मात्र घरून न्यावा. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या दिवसभर टिकतात, आणि फलाटाच्या बाकावर बसून त्या खाण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. तिथे सगळेच आपला पाव-चीजचा डबा उघडतात.

उत्तर : खारघरवासी

आमचे वास्तव्य जर्मनीत, बव्हेरियात होते, त्यामुळे थोडा वेगळा अनुभव जोडतो. शाळा बुडवून शुक्रवारी दुपारीच निघण्याचा विचार पतीच्या मनात असेल, तर तो काढून टाकावा. नेदरलँड्समध्ये पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे आणि हजेरीवर लक्ष ठेवणारे अधिकारी असतात. विनापरवानगी रजेला दंड होतो. बव्हेरियात तर सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवसांत विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या पालकांना विचारणा केल्याचे प्रकार घडले आहेत. शाळेच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक नेदरलँड्समध्ये उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन विभागांत असते. आइंडहोवन दक्षिणेत येते, म्हणून आम्सटरडॅमच्या नातेवाइकांची सुट्टी आणि तुमची सुट्टी एकाच आठवड्यात असेलच असे नाही. आरक्षणापूर्वी दोन्ही पाहून घ्या.

जर्मनीला जाल तेव्हा तिकिटाचा हिशेब नीट करा. जर्मनीभरच्या स्थानिक गाड्यांना चालणाऱ्या डॉइचलँड-तिकिटाचे नाव सगळे घेतात, परंतु ते महिन्याचे तिकीट आहे, वेगवान गाड्यांना चालत नाही आणि सहा वर्षांवरील मुलाला ते वेगळे काढावे लागते. एका दिवसाच्या सहलीसाठी एकेका राज्यापुरते मिळणारे प्रांतिक तिकीट बरे पडते. बव्हेरियाच्या तिकिटावर आई-वडिलांबरोबर १५ वर्षांखालील त्यांची मुले विनामूल्य जातात आणि शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालते. मुक्कामासाठी युवा वसतिगृहांतल्या कुटुंब-खोल्या पाहाव्यात. नाव युवा असले तरी तिथे आजी-आजोबांसह आलेली कुटुंबे भरपूर दिसतात, न्याहारी मिळते आणि मुलांना खेळायला मोकळी जागा असते. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, एवढे ध्यानात ठेवून दूध आणि फळे शनिवारीच घ्यावीत.

उत्तर : नौपाड्याची आजी

मी सासू-सासऱ्यांच्या बाजूने लिहिते, कारण माझा मुलगाही कुटुंबासह तिकडेच असतो. शेंगेन व्हिसावर (आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि ते दिवस सर्व शेंगेन देशांचे मिळून मोजले जातात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मुलाने भरायच्या हमीपत्रावरची सही तिथल्या नगरपालिकेकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, म्हणून तो कागद वेळेत मागवा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली असल्याने विमानतळावर वेळ जास्त लागू शकतो. पुढच्या विमानासाठी पुरेसे अंतर ठेवा. लंडनच्या नातेवाइकांकडेही जायचे असेल, तर तिथला व्हिसा स्वतंत्र.

कागदांपलीकडचे सांगायचे तर, आम्हाला दर आठवड्याला नवे शहर दाखवण्याचा आग्रह धरू नका. दगडी रस्त्यांवरून दिवसभर चालणे आमच्या गुडघ्यांना सोसत नाही. मला तिथे सर्वांत सुख वाटले ते नातवाला शाळेत सोडायला जाताना, कारण आठवड्याभरातच फाटकापाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या आज्या मला ओळखू लागल्या होत्या. ट्यूलिपची बाग मात्र जरूर दाखवा. लिसचे कॉइकेनहोफ साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडे असते, तेव्हा वसंतात त्यांचे येणे त्या हिशेबाने ठरवा. आणि तुम्ही तिकडे असताना शनिवारचा फोन सकाळी करा. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. तुमचे सकाळचे दहा म्हणजे आमचे दुपारचे अडीच. संध्याकाळी सातला फोन केलात तर इकडे साडेअकरा वाजलेले असतात, आजोबा जागे राहतात खरे, पण मुलांशी बोलण्याइतके त्राण उरत नाही.

ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. पतीला हे सारे वाचून दाखवले. ऑक्टोबरच्या शरद सुट्टीपर्यंत मुक्कामाचा प्रवास करायचा नाही आणि शनिवारची सकाळ पोहण्याला द्यायची, यावर आमचे एकमत झाले आहे. पोहण्याच्या वर्गाला नाव तिथे पोहोचल्यावरच घालता येते का?

पाचपाखाडी

नाव ऑनलाइन नोंदवता येते आणि बऱ्याच तलावांवर प्रतीक्षा यादी असते, त्यामुळे घराचा पत्ता हाती येताच दोन-तीन तलावांकडे दोन्ही मुलांची नावे घाला. मुलगी नऊ वर्षांची असल्याने मोठ्या मुलांचा वेगळा गट आहे का, हे विचारा. अशा गटात मुले लवकर शिकतात आणि चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये उभे राहण्याचा तिला संकोच वाटणार नाही. ऐरोलीतच तिला जुलैपर्यंत तरंगायला शिकवून ठेवता आले, तर आणखी चांगले.