अर्धे सिलिंडर बंद, पूर्ण डोकेदुखी
काही सिलिंडर आपोआप बंद ठेवणाऱ्या इंजिनातून टिकटिक येतेय आणि सर्व्हिसवाले 'नॉर्मल आहे' म्हणतात, ही एका गाडीवाल्याची तक्रार वाचून हसावं की रडावं कळेना, मलाही अगदी हेच ऐकवलं होतं. हलक्या लोडवर काही सिलिंडर बंद ठेवून पेट्रोल वाचवायची आयडिया तशी जुनीच, कॅडिलॅकने १९८१ मध्ये व्ही ८-६-४ (गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणाऱ्या) इंजिनात आणली, कंट्रोलरला म्हणजे ते सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला ते झेपलं नाही आणि बऱ्याच जणांनी ती सिस्टीम डिसकनेक्टच करून टाकली. आता कॉम्प्युटर सुधारलाय हो, पण पुशरॉडवाल्या (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) इंजिनात सगळा खेळ लिफ्टरमधल्या, म्हणजे त्या दांड्याला ढकलणाऱ्या भागातल्या इवल्याशा पिनांचा, ऑइल प्रेशरने त्या आत ढकलल्या की व्हॉल्व्ह उघडतच नाही. त्या अडकल्या की लिफ्टर गेला आणि टिकटिक सुरू, आणि तसंच दामटत राहिलं तर कॅमशाफ्टही (लिफ्टर हलवणारा फिरता दांडा) घासतो, मग इंजिन खोलण्याशिवाय इलाज नाही. वॉरंटी संपली की 'ऑइल वेळेवर बदललं होतं का' सुरू! म्हणून ऑइलच्या पावत्या जपा, थंड इंजिन स्टार्ट करतानाचा व्हिडिओ काढा आणि जॉबकार्डवर तक्रार लिहूनच घ्या, तोंडी काही नको. काही गाड्यांसाठी ओबीडी पोर्टला (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या सॉकेटला) लावायचा डिसेबलर मिळतो, त्याने सगळे सिलिंडर चालू राहतात, पण आधीच खराब झालेला लिफ्टर काही बरा होत नाही, त्यामुळे टिकटिक येत असेल तर आधी तपासणी.