मदत हवी आहे : वंशावळीत 'फिरंगोजी' हे नाव कुठून आलं असेल?

नमस्कार मंडळी, आमच्या घराण्याची वंशावळ जुळवतेय आणि एका नावापाशी येऊन अडलेय. कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

आमचं गाव तासगाव तालुक्यात, पण तिथले आम्ही मूळचे नाही एवढं सगळेच सांगतात, मूळचे कुठले ते कुणालाच माहीत नाही. चुलत आजोबांच्या ट्रंकेत एक मोडी कागद निघाला. मी मोडी शिकतेय पण छापील मोडी वेगळी आणि हे वेगळं, आधी पानभर आडवी रेघ मारून घेतलेली, खाली सगळी अक्षरं एकमेकांना जोडलेली, कुठला शब्द कुठं संपला तेच कळेना. शेवटी एका जाणकारांकडून वाचून घेतला. भावाभावांतल्या जमिनीच्या वाटणीचा कागद आहे, भावांची नावं फिरंगोजी आणि पिराजी, आणि साल लिहिलंय 'सलास सबैन मया व अलफ'.

आता घरात जुनी गोष्ट अशी की आमचा एक पूर्वज फिरंगी होता, तोफखान्यावर होता, पुढं इकडचाच झाला. हे नाव निघाल्यावर भावकीतले काहीजण म्हणायला लागले की वंशावळीत हे लिहूच नको, लोक काय म्हणतील. मला हे अजिबात पटत नाही, माणूस आपला आहे तर त्याचं नाव का गाळायचं? आणि चाकणचा किल्ला 1660 साली शाहिस्तेखानाविरुद्ध लढवला तो फिरंगोजी नरसाळाच ना, म्हणजे हे नाव आपल्याकडं होतंच. पण ते पडतं कशावरून?

दुसरं म्हणजे तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना 14) नकला काढल्या, त्यात पुढच्या एका पिढीत ओळीनं तीन भाऊ केरू, दगडू, भिका. आधीची मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून अशी नावं ठेवायचे हे माहीत होतं, पण आपल्याच घरातली तीन नावं एकाखाली एक वाचल्यावर त्या आईनं किती पोरं घालवली असतील याचाच विचार डोक्यात राहिला, आणि तिचं स्वतःचं नाव कुठंच नाही. ते कुठं मिळू शकेल?

प्रतिसाद :

ताई, आधी साल. सलास म्हणजे 3, सबैन 70, मया 100, अलफ 1000, झाले 1173. हा सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांवर अरबी आकड्यांत लिहायचे ते साल, इसवी सनासाठी यात 599-600 मिळवायचे, वर्ष मृगापासून धरतात, म्हणून तुमचा कागद 1772-73 चा. थोरले माधवराव पेशवे गेले तेच साल.

नावाचं म्हणाल तर फिरंगी माणसाशी संबंध असेलच असं अजिबात नाही. दौंड तालुक्यात कुरकुंभला फिरंगाई देवी आहे, पुणे-सोलापूर रस्त्यावर. तुकाईवरून तुकोजी, यमाईवरून यमाजी, तसा फिरंगाईवरून फिरंगोजी, माझा कल तरी इकडंच आहे. पिराजी तर उघड पिराच्या नवसाचं. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफच्या नवसानं झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं सांगतातच की. तुमची कुळदेवी कोणती?

धागाकर्ती :

अहो हे भारीच! कुळदेवी तुळजाभवानी सांगतात. पण देव्हाऱ्यात खंडोबा-जोतिबाच्या टाकांसोबत आणखी एका देवीचा टाक आहे, घासून घासून चेहरा पार गेलाय, घरात सगळे तिला नुसतं 'आई' म्हणतात. ती फिरंगाई असू शकेल?

प्रतिसाद :

चेहरा गेलाय म्हणता तर नुसत्या टाकावरून सांगता येणार नाही, पण कुळाचाराला कुणाच्या नावानं नैवेद्य निघतो ते घरातल्या जुन्या बायकांना विचारा. देवी कुरकुंभची निघाली तर मूळ गाव त्या बाजूला शोधता येईल, मग पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरातले त्या परगण्याचे कागद बघायचे. गावाचं नाव हातात नसताना तिथं जाऊ नका, रुमालांचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचा, ढीग आहे, काही हाती लागायचं नाही. आणि फिरंगोजी हे नाव एक पिढी सोडून पुन्हा येतं का तेही बघा, आज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यानं मधल्या गाळलेल्या पिढ्या त्यावरून सापडतात. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी बरीच मोडी रेकॉर्ड स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर आलीत, तीही चाळा.

त्या आईच्या नावासाठी नवरा वारल्यानंतरचा वारसाचा फेरफार काढा, गाव नमुना 6. मुलं लहान असतील तर अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून आईचं नाव बऱ्याचदा असतं. आणि तुमच्या भागात बैल घेऊन हेळवी यायचे, घराण्याची उतरंड त्यांच्याकडं असते. अजून येत असतील तर पुढच्या वेळी त्यांना बसवून घ्या आणि सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करा.