प्युर्टो रिकोत जन्मलेली मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, मग तिला राष्ट्राध्यक्षासाठी मत का नाही?

प्रश्न: वाचक, चोपडा

माझा पुतण्या औषधनिर्मितीच्या व्यवसायात असून सध्या प्युर्टो रिको बेटावरील एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याला तेथेच मुलगी झाली आणि तिला जन्मतःच अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. पासपोर्ट न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या मुलाला मिळतो तसाच आहे. मात्र पुतण्याचे म्हणणे असे की, ती मोठी होऊन त्याच बेटावर राहिली तर तिला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येणार नाही, आणि संसदेत तिच्या बाजूने हात वर करणारा कोणी प्रतिनिधीही नसेल. आपल्याकडे नागरिक असला आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की यादीत नाव लागते, एवढेच मला ठाऊक आहे. लोकशाहीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या देशात हे कसे चालते, आणि इतर देशांच्या सागरपार प्रदेशांतही असेच आहे का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: वकील, जळगाव

आपल्या पुतण्याचे म्हणणे बरोबर आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाची निवड करणारे निर्वाचक राज्ये नेमतात, आणि प्युर्टो रिको हे राज्य नाही, तो अमेरिकेच्या ताब्यातील प्रदेश आहे. १८९८ च्या युद्धानंतर स्पेनने हे बेट अमेरिकेला दिले, १९१७ मध्ये जोन्स कायद्याने तेथील रहिवाशांना नागरिकत्व मिळाले, पण मतदानाचा धागा व्यक्तीच्या नागरिकत्वाशी न जुळता ती राहते त्या भूमीच्या दर्जाशी जुळलेला राहिला. म्हणून बेटाची राजधानी सॅन हुआन येथील रहिवासी फ्लोरिडात जाऊन स्थायिक झाला की त्याला पूर्ण मताधिकार मिळतो, आणि टेक्सासचा मतदार सॅन हुआनला राहायला गेला की तो राष्ट्राध्यक्षासाठीचे मत गमावतो. हाच टेक्सासचा मतदार उद्या पुण्यात येऊन राहिला तर मात्र त्याला टपालाने मत देता येते. परदेशात गेल्यावर टिकणारा हक्क स्वतःच्याच देशाच्या ध्वजाखालील बेटावर गेल्यावर संपतो, याचे समर्थन मला आजवर कोणाकडून पटलेले नाही.

संसदेच्या प्रतिनिधिगृहात प्युर्टो रिकोचा एक रेसिडेंट कमिशनर असतो. तो भाषण करू शकतो, विधेयक मांडू शकतो, समितीत मतही देऊ शकतो, पण विधेयक अंतिम मंजुरीला आले की त्याला मत नसते. सिनेटमध्ये तर कोणीच नाही. बत्तीस लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या बेटाची ही अवस्था आहे. बेटावरच मिळवलेल्या उत्पन्नावर बहुतेकांना केंद्रीय प्राप्तिकर भरावा लागत नाही, हे मताधिकार नाकारण्याचे कारण म्हणून नेहमी पुढे केले जाते. परंतु सामाजिक सुरक्षेची आणि वृद्धांच्या आरोग्य विम्याची वर्गणी तेथील पगारातूनही कापली जाते, आणि सैन्यात तर तेथील तरुण पहिल्या महायुद्धापासून जात आहेत.

या सगळ्यामागे १९०१ पासून सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निवाड्यांची एक मालिका आहे. जिंकून वा करारान्वये मिळालेल्या बेटांवर संपूर्ण राज्यघटना आपोआप लागू होत नाही, असा त्यांचा आशय असून त्या निवाड्यांच्या भाषेत तेथील लोकांच्या वंशाविषयीचा तिरस्कार उघड दिसतो. २०२२ मध्ये वृद्ध व अपंगांच्या निर्वाह साहाय्याचा लाभ प्युर्टो रिकोच्या रहिवाशांना न देणे घटनाबाह्य नाही, असा निर्णय झाला. त्याच प्रकरणात न्यायमूर्ती गोर्सच यांनी हे जुने निवाडे रद्द व्हायला हवेत असे स्वतंत्रपणे लिहिले, तरी ते अद्याप उभे आहेत.

मत नसल्याने काय बिघडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१६ चे आहे. बेटावर सत्तर अब्ज डॉलरहून अधिक कर्ज साचले, तेव्हा अमेरिकी संसदेने कायदा करून एक वित्तीय देखरेख मंडळ बसवले. लोकांनी निवडलेल्या गव्हर्नरचा आणि विधिमंडळाचा अर्थसंकल्प नाकारण्याचा अधिकार या मंडळाला आहे, त्याचे मतदान करणारे सातही सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतो, आणि त्या राष्ट्राध्यक्षाला निवडण्यात बेटावरील एकाही मतदाराचा वाटा नाही. निवृत्तिवेतनात कपात करायची की विद्यापीठाच्या अनुदानात, हे अशा मंडळाने ठरवावे, यापेक्षा परकेपणा वेगळा काय असतो?

उत्तर: शिक्षिका, धडगाव

वकील साहेबांचे विवेचन मला मान्य आहे. तरीही सर्वच बेटांवरील लोकांना तेच हवे आहे असे समजू नये, म्हणून थोडी भर घालते. अमेरिकन सामोआ या अमेरिकेच्या ताब्यातील पॅसिफिक बेटांवर जन्मलेले लोक अमेरिकेचे नागरिकसुद्धा नाहीत. त्यांचा दर्जा केवळ अमेरिकी राष्ट्रीयत्वाचा आहे, त्यामुळे ते एखाद्या राज्यात जाऊन राहिले तरी रीतसर नागरिकत्व घेतल्याशिवाय त्यांना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही. युटा राज्यात राहणाऱ्या काही सामोअन लोकांनी याविरुद्ध दावा केला, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. मात्र या दाव्याला खुद्द अमेरिकन सामोआच्या निर्वाचित सरकारनेच विरोध केला होता. तेथील बहुतांश जमीन कुळांच्या सामूहिक मालकीची असून बाहेरच्यांना ती विकत घेता येत नाही. समान नागरिकत्वाबरोबर समान कायदा आला तर हे संरक्षण न्यायालयात टिकणार नाही, अशी त्यांना भीती वाटते.

अक्राणीत, म्हणजे आमच्या धडगावच्या भागात, राहणाऱ्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडील आदिवासी खातेदाराच्या सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ ची नोंद असते, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय ती जमीन बिगर आदिवासीच्या नावे होऊ शकत नाही. ती एक ओळ पुसली गेली तर पुढे काय होईल, हे गावातील कोणताही म्हातारा सांगेल. याच भागाची दुसरी बाजूही येथे नोंदवली पाहिजे. इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली पश्चिम खानदेशातील अक्राणी महाल, मेवासी संस्थानिकांची गावे, तसेच तळोदा, नंदुरबार आणि नवापूरचा भाग 'अंशतः वगळलेले क्षेत्र' ठरवला गेला होता. प्रांतिक विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरने जाहीर केल्याशिवाय येथे लागू होत नसे. संरक्षणाच्या नावाखाली एका माणसाच्या हाती सारे सोपवण्याची ती रीत होती, आणि त्याविषयी येथील लोकांना कोणी विचारले नव्हते. म्हणून माझा आग्रह असा की वेगळा कायदा असण्यात दोष नाही, पण तो तेथील माणसांच्या संमतीने असावा. सामोआच्या बाबतीत निदान त्यांचे निर्वाचित सरकार स्वतः बोलते आहे.

उत्तर: इतिहासाचा प्राध्यापक, धुळे

इतर देशांविषयीही विचारले आहे, म्हणून लिहितो. ब्रिटनने २००२ मध्ये आपल्या बहुतेक सागरपार प्रदेशांतील लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व दिले, पण वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, त्यांचा एकही खासदार नाही. डेन्मार्कच्या संसदेत ग्रीनलँडला दोन आणि फेरो बेटांना दोन जागा आहेत, आणि त्या सदस्यांना पूर्ण मत आहे.

फ्रान्सची रीत सर्वांत निराळी आहे. मार्टिनिक, ग्वादेलूप, गयाना आणि रेयुनियाँ यांना १९४६ मध्ये जिल्ह्यांचा दर्जा मिळाला, आणि आज सागरपार प्रदेश मिळून राष्ट्रीय सभेच्या ५७७ पैकी २७ जागा निवडतात. तेथील लोक राष्ट्राध्यक्षासाठीही मत देतात. याचा आपल्याशीही संबंध येतो, कारण १८४८ मध्येच पाँडिचेरी व भारतातील इतर फ्रेंच वसाहतींना मिळून पॅरिसच्या संसदेत एक जागा मिळाली होती. १९६२ मध्ये या वसाहतींचे भारताकडे हस्तांतर कायदेशीर झाल्यावर ज्यांनी फ्रेंच राष्ट्रीयत्व राखले, त्यांच्या वंशातील माणसे आजही पाँडिचेरीत बसून फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षासाठी मतदान करतात. चोपड्याच्या वाचकांच्या पुतण्याच्या मुलीच्या नेमकी उलट स्थिती.

परंतु मत मिळाले म्हणजे प्रश्न मिटला, असे न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिकमधील फ्रेंच प्रदेशाकडे पाहून म्हणवत नाही. तेथे कनाक हे मूळ रहिवासी स्थलांतरामुळे अल्पसंख्य झाले, म्हणून १९९८ च्या नूमेआ करारानुसार प्रांतिक निवडणुकांची मतदार यादी साधारण त्या वेळच्या रहिवाशांपुरती आणि त्यांच्या मुलांपुरती गोठवण्यात आली. २०२४ मध्ये दहा वर्षे राहिलेल्या सर्वांना ती खुली करण्याचे विधेयक पॅरिसमध्ये पुढे सरकले आणि तेथील राजधानी नूमेआत दंगली पेटल्या, माणसे मेली, अखेर ते बाजूला ठेवावे लागले. नंतर आलेल्यांचा समानतेचा दावा खोटा नाही, आणि आपल्याच भूमीवर मतांच्या संख्येने बुडवले जाण्याची कनाकांची भीतीही खोटी नाही.

भारताचे उदाहरण येथे अभिमानाने द्यावेसे वाटते. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपचा खासदार पूर्वी राष्ट्रपती नेमत असत, १९६७ पासून लोक त्याला निवडतात. लक्षद्वीपचे मतदार साठ हजारांच्या आत आहेत आणि आपल्या जळगाव मतदारसंघात वीस लाखांच्या घरात, तरीही लोकसभेत दोन्हीकडच्या खासदारांच्या मताचे वजन सारखेच असते. तेथे विधानसभा नाही आणि राज्यसभेतही जागा नाही, ही उणीव मात्र आहेच.

प्रश्नकर्ता: वाचक, चोपडा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता एवढेच विचारतो की, प्युर्टो रिकोला राज्याचा दर्जा मिळण्याची आशा आहे का, आणि नसेल तर या मुलीला भारतात तरी मताचा हक्क मिळेल का?

उत्तर: वकील, जळगाव

बेटावर २०२० च्या कौलात ५२ टक्क्यांहून अधिक मते राज्याच्या दर्जाच्या बाजूने पडली, २०२४ मध्येही तोच पर्याय पुढे राहिला, पण हे कौल संसदेवर बंधनकारक नाहीत. नवीन राज्य घेण्याचा अधिकार संसदेचा आहे, आणि दोन नवे सिनेट सदस्य कोणत्या पक्षाचे असतील या हिशेबात तो प्रश्न अडतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पुतण्याने तिच्यासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र, घेतले तर तिला येथे येण्याजाण्याची, राहण्याची मोकळीक मिळेल, पण मत मिळणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. अठरा वर्षांची झाल्यावर ती बेटावरच असेल तर गव्हर्नर, विधिमंडळ आणि रेसिडेंट कमिशनर यांच्यासाठी मत देईल. फ्लोरिडात किंवा टेक्सासमध्ये घर केले तर नागरिकत्वाचा वेगळा अर्ज न करता तेथील मतदार यादीत नाव नोंदवू शकेल. त्यासाठी प्युर्टो रिकोचा मूळ जन्मदाखला पुतण्याने नीट जपून ठेवावा.