अनुभव धागा: घरात रोज वापरायची गोधडी

निफाडकडे थंडी पडायच्या आत गोधड्या शिवायला निघतात. कापड, टाका, धुणं यांतलं जे हाताला पक्कं ठाऊक आहे ते इथे लिहा. आठवणी पुन्हा कधीतरी, आत्ता कृती हवी.

पंचवटी
आधी कापड निवडा. एक धागा ओढून जाळून बघायचा. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टर आत घातलं की थर सरकतात, घामही टिपला जात नाही. विरलेलं मऊ कापड आत, दमाचं बाहेर. काठ जरीचा असेल तर उसवून बाजूला ठेवा, अंगाला टोचतो. ओलं पांढरं फडकं घासून रंग लागला तर ते कापड घेऊच नका, आत दडवलं तरी पहिल्या धुण्यात बाहेर येतं.

निफाड
दोघांच्या गोधडीचं माप: नऊवारी साधारण 27 फूट. तिचे पावणेसात फुटांचे चार तुकडे करून दोन-दोन शेजारी जोडले की साडेसात फूट रुंदीचे दोन थर मिळतात, एक वर, एक खाली. मधे पावसाळ्यासाठी एक थर पुरे, आमच्याकडच्या थंडीला तीन-चार. त्यापुढे सुई जात नाही आणि धुतलेली गोधडी दिवसभरात वाळत नाही. सगळ्या थरांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका, तिथे उंचवटा होतो आणि गोधडी तिथेच आधी फाटते. वरचा थर चारही बाजूंनी दोन इंच जास्त ठेवा, तोच आत दुमडून कड होते.

सिडको
खरा घोळ टाके घालताना होतो. झाडलेल्या फरशीवर थर अंथरून मधून कडेकडे हात फिरवायचा, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं आणि वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालायचे. हे टाळलं तर कडेकडून आत शिवत येताना ढिलं कापड पुढे ढकललं जातं आणि मधोमध फुगा येतो. तो नंतर दाबून बसत नाही, उसवावंच लागतं. धावदोरा ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. ओळी लांब गेल्या तर धुतल्यावर आतलं कापड गोळा होतं. दोरा जाड सुती, दुहेरी, मेण लावलेला, लांबी हातभरच, नाहीतर गुंता होतो. गाठ थरांच्या आत ओढून घ्या. दोरा ताणून ओढू नका, गोधडी आक्रसते. बोटात अंगुस्तान हवंच.

पंचवटी
कच्चे टाके घालूनही फुगा येत असेल तर मधून सुरू करून बाहेर शिवत जा. ढिलं कापड कडेला निघतं, तिथे कापता येतं. कड मात्र सर्वांत शेवटी दुमडायची.

नाशिकरोड
बाळासाठी अडीच बाय तीन फूट, जुन्या धोतराचे किंवा मलमलीचे तीन थर बास. गाठी, जर, बटणं काही नको. प्लास्टिकही आत घालू नका, ओल कोंडते. चार-पाच तरी शिवून ठेवा, पावसात एक वाळेपर्यंत दुसरी लागते.

मालेगाव
गोधडी धुताना धोपाटण्याने बडवली तर टाके तुटतात. साबणाच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवा, न पिळता निथळू द्या आणि दोन दोऱ्यांवर पसरून टाका, म्हणजे ओलं वजन एकाच रेषेवर येत नाही. सगळ्या गोधड्या वैशाखाच्या उन्हात धुऊन घ्या. आत ओल राहिली तर आषाढात कुबट वास सुटतो. वरचा थर फाटला तर गोधडी मोडू नका. ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं मोठं कापून, कडा दुमडून, सगळ्या थरांतून शिवा. फार जागी विरली असेल तर जुन्यावरच नवं लुगडं घालून पुन्हा टाके घाला.