खारट बोअरचं पाणी, वाढतं ऊन आणि न टिकणारा सेंद्रिय कर्ब: आधी काय सुधारायचं?

कोरडवाहू_माती:
कोरड्या हवामानातली मध्यम ते भारी जमीन, ठिबकवर बोअरचं पाणी. पाण्याचा अहवाल: ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) २.४ डेसीसायमन प्रति मीटर, सामू ८.३, कॅल्शियम ३, मॅग्नेशियम ४, सोडियम १७, कार्बोनेट-बायकार्बोनेट मिळून १० (सगळे मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर). दरवर्षी शेणखत घालूनही सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या वर जात नाही. उन्हाळा कडक होतोय तशा पाण्याच्या पाळ्याही वाढल्यात. नुसतं जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज) टाकून भागेल का?

माती_पाणी_परीक्षण:
या पाण्यात ईसीपेक्षा सोडियम आणि बायकार्बोनेटची जोडी जास्त घातक आहे. तुमच्या आकड्यांवरून आरएससी (कार्बोनेट-बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करून उरतं ते) १० वजा ७, म्हणजे ३ येतो. २.५ च्या वरचं पाणी सिंचनाला अयोग्य धरतात. एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचं प्रमाण) ९ च्या आसपास.

ऊन वाढलं की जमिनीतलं पाणी लवकर उडतं, क्षार मागे राहतात आणि उरलेला ओलावा घट्ट होतो. त्या घट्ट द्रावणात बायकार्बोनेट कॅल्शियमला पकडून चुन्याच्या रूपात खाली बसवतं. उरतो तो सोडियम, आणि चिकणमातीच्या कणांवर त्याचा वाटा वाढत जातो. गंमत अशी की पाणी खारट असेपर्यंत जमीन बरी दिसते, कारण क्षारांमुळे कण एकत्र राहतात. पावसाचं गोडं पाणी पडलं की कण विखुरतात, छिद्रं बुजतात, वर पापडी धरते आणि वाफसा येईना होतो.

घरी तपासता येतं. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या भांड्यात पावसाच्या पाण्यात अलगद ठेवा, हलवू नका. दोन तासांत भोवती दुधासारखं वलय पसरलं तर जमीन चोपण (सोडियममुळे बिघडलेली) होतेय. बोअरचं पाणी वापरलंत तर वलय दिसणारच नाही आणि चाचणी फसेल.

कर्बाचं: ओल असताना तापमान १० अंशांनी वाढलं की जिवाणूंचं कुजवण्याचं काम साधारण दुप्पट होतं. क्षारांनी ते मंदावतं हे खरं, पण मुळं आणि पालापाचोळा त्याहून जास्त घटतो. शिवाय सोडियम मातीचे जे कणसमूह फोडतो, त्यांच्याच आत कर्ब सुरक्षित असतो. म्हणून आधी सोडियम आवरा, मग शेणखत टिकेल.

निचरा_आणि_चर:
वरच्या उत्तराला हिशोब जोडतो. ईसी २.४ म्हणजे लिटरमागे अंदाजे दीड ग्रॅम क्षार. हेक्टरी १०० मिमी पाणी दिलं (१० लाख लिटर) की जमिनीत दीड टन क्षार उतरले. पिकाची हंगामी गरज ५०० मिमीवरून उन्हामुळे ५५० झाली, तर धुपणीच्या (क्षार खाली धुण्याच्या) पाण्यासह जवळपास ०.९ टन क्षार जास्त येतात.

धुपणी म्हणजे मुळांखाली क्षार ढकलायला लागणारं जादा पाणी. त्याचं सूत्र: पाण्याची ईसी भागिले (५ गुणिले पिकाला सोसणारी जमिनीची ईसी, वजा पाण्याची ईसी). ईसी ४ सोसणाऱ्या पिकाला १४ टक्के, गव्हाला (६) साधारण ९ टक्के. कांद्याला (१.२) ६७ टक्के निघतात, म्हणजे या पाण्यावर कांदा पूर्ण उत्पन्न देणार नाही. हे उंबरठे संपृक्त अर्काच्या (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याच्या) ईसीचे आहेत. प्रयोगशाळा १:२.५ माती-पाण्याच्या द्रावणात मोजत असेल तर तो आकडा बराच कमी येतो, थेट तुलना करू नका.

आणि धुपणीआधी निचरा बघा. भूजल दीड-दोन मीटरच्या आत असेल तर जादा पाणी उलट क्षार वर खेचेल. आधी चर काढा.

जिप्समचं प्रमाण: आरएससी १ ने उतरवायला १० लाख लिटरमागे ८६ किलो शुद्ध जिप्सम. तुमचा ३ वरून १.२५ वर आणायला १५० किलो, ७० टक्के शुद्धतेच्या मालाचं सुमारे २१५ किलो. ते ठिबकच्या टाकीत घालू नका, ड्रीपर बुजतील. जमिनीचं जिप्सम वेगळं, ते विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) तपासून ठरवा. बारीक दळलेलं पावसाळ्याआधी वरच्या १० सेंटिमीटरात मिसळा म्हणजे पाऊसच धुपणी करील.

कोरडवाहू_माती:
धुपणीचं पाणी ठिबकनं रोज थोडं द्यायचं की एकदम?

ठिबक_नियोजन:
पीक उभं असताना रोजच्या मात्रेत १४ टक्के मिळवा, कारण पाळीत खंड पडला की ड्रीपरखाली भिजलेल्या मातीच्या गोळ्याच्या कडेचे क्षार मुळांकडे सरकतात. तेच हलक्या पावसात होतं: १०-१५ मिमी सरीनं कडेची पांढरी रेघ थेट मुळांत उतरते. अशा पावसात ठिबक बंद न करता चालू ठेवा. पेरणीच्या जागा दरवर्षी जुन्या कडेवर येऊ देऊ नका. शेतात थोडं गोडं पाणी साठवलं असेल तर ते उगवणीला राखा, खारट पाणी नंतर वापरा.

आच्छादन मात्र सोडू नका, ४ ते ५ सेंटिमीटर काडीकचरा. बाष्पीभवन कमी म्हणजे वर येणारे क्षारही कमी.

मातीचे नमुने ड्रीपरखाली, दोन ड्रीपरच्या मध्ये आणि ओल्या कडेवर असे वेगवेगळे, ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंटिमीटरवर घ्या. एकत्र मिसळलेला नमुना कडेचा साठा झाकून टाकतो.